तराफा रस्त्याकडे ठेवायचा नाही

पूर्वेस : पाणी

मायाच्या घराच्या पूर्वेला पाणी आहे. पाण्याखाली कवठझरी आहे.

धरण भरलं तेव्हा गाव गेलं. बाजाराची जागा, शाळा, मारुतीचं देऊळ, पाटलांची आळी. ज्यांची घरं बुडाली त्यांना चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर प्लॉट मिळाले. तिथं आता नवी कवठझरी आहे. टेकडीवरची वस्ती बुडाली नाही. टेकडी म्हणजे नुसता खडक. तिथं विहिरीला पाणी लागायचं नाही, बैलगाडी चढायची नाही, म्हणूनच आज्या-पणज्यांच्या काळी ती या लोकांच्या वाट्याला आली होती. पाणी चढत चढत टेकडीच्या कमरेशी येऊन थांबलं. घर बुडालं नाही तर पुनर्वसन नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि जीप निघून गेली. ती जीप जाऊ शकली असा तो शेवटचा उन्हाळा.

नंतर माणसं कमी होत गेली. कोणी नोकरीमागं नागपूरला, कोणी पोरांच्या शाळेसाठी बडनेऱ्याला. चार घरं उरली.

टेकडीवर राहायचं तर एक गोष्ट समजून घ्यावी लागते. रस्त्याकडच्या काठापासून टेकडीपर्यंत एक लोखंडी तार ताणलेली आहे. तिच्याखाली तराफा : निळे प्लास्टिकचे ड्रम, त्यांच्यावर बांबू, त्यांच्यावर जुन्या दारांच्या फळ्या. फळ्यांवर उभं राहायचं आणि हातांनी तार मागं ओढत पुढं जायचं. मधला जुना नाला भर उन्हाळ्यातही आटत नाही, म्हणून बाराही महिने हेच. एकदा तराफा एक रात्र रस्त्याकडे राहिला होता. सकाळी फळ्या होत्या, ड्रम नव्हते. तेव्हापासून तराफा रस्त्याकडे ठेवायचा नाही. बाहेर जाणाऱ्याला कोणीतरी सोडायला जातं आणि तराफा परत आणतं. बाहेरून येणारा रस्त्याकडच्या बाभळीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी गज मारतो. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. शेषराव गुरुजींचा एकच. शकुनकाकूंचे दोन. देवमनचे तीन, भरभर. मायाच्या घराचा एक, मग थांबून दोन.

टण.

टण-टण.

ठोका ऐकला की त्या घरातलं माणूस उठतं. घरात कोणी नसलं तर शेजारचं उठतं. याचा अर्थ असा, की टेकडीवर चार घरं राहू शकतात. तीन राहू शकतात. ओढूनताणून दोनसुद्धा. एक घर राहू शकत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

बेट हा शब्द टेकडीवर पहिल्यांदा आला तो स्वप्निलच्या मोबाइलमधून.

*नीलबेट. स्वतःचं बेट, स्वतःचं आकाश! अमरावतीपासून फक्त पाऊण तास. चारही बाजूंनी वॉटर व्ह्यू. शहराच्या गोंगाटापासून दूर, निसर्गाच्या कुशीत आपल्या हक्काचं*

इथं मोबाइलची रेंज गेली आणि चित्र अर्धं राहिलं.

दक्षिणेस : विहार, त्यालगत शेषराव गुरुजींचे घर

स्वप्निल हा गुरुजींचा पुतण्या. याच पाण्यात पोहायला शिकलेला. आता अमरावतीत राजापेठेतल्या एका प्लॉट-फ्लॅटच्या ऑफिसात होता. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, पण तराफ्यावर चढला की आपसूक तारेला हात घालणारा.

त्यानं सांगितलं ते सरळ होतं. ऑफिसला अख्खी टेकडी हवी. वर लहान लहान बंगले होतील, शनिवार-रविवारी लोक येऊन राहतील. बदल्यात चौघांना बडनेरा रोडवर एकेक फ्लॅट. लिफ्ट, चोवीस तास पाणी. पण अर्धी टेकडी घेऊन ऑफिसला उपयोग नाही. चौघांचं झालं तरच.

टेकडीवरचे निर्णय पौर्णिमेला होत. विहार म्हणजे एक खोली, वर टिनाचं छप्पर, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. वंदना झाली की गुरुजी एकेका घराचं नाव घेऊन विचारत. ज्याला हो म्हणायचं त्यानं कारण द्यावं. ज्याला नाही म्हणायचं त्यानं कारण देण्याची गरज नाही. आणि एका घराचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही. हा नियम धरणाच्या काळातला. तेव्हा साहेब लोक एकेकाला बाजूला घेऊन बोलायचे, म्हणून तो केला होता. मासळीचा ठेकेदार टेकडीवर शेड टाकायला आला तेव्हा शकुनकाकूंच्या एका नाहीवर तो परत गेला होता.

गुरुजींनी विचारलं. देवमन म्हणाला, पाहू. शकुनकाकू म्हणाल्या, सगळे म्हणतील तसं. गुरुजींनी स्वतःचं मत सांगितलं नाही, ते नेहमी शेवटी सांगत.

"माया?"

"नाही," माया म्हणाली.

विहारात बसलेली माणसं जराशी सैल झाली. देवमननं पाय मोकळे केले. गुरुजी म्हणाले, झालं तर मग, आणि चहा आला. स्वप्निलही चहा प्यायला. जाताना हसून म्हणाला, मायावयनी म्हणजे टेकडीचा खुंटा हाय.

कारण द्यायचं नव्हतं, म्हणून तिनं दिलं नाही. कारण होतं.

मायाचा नवरा नागसेन अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलवर होता. लग्नानंतर काही वर्षांनी ती त्याच्याबरोबर अकोल्यात राहायला गेली होती. खोली पाहायला गेलं की घरमालकीण आधी हसायची. पाणी किती वेळ येतं, कपडे कुठं वाळत घालायचे, सगळं दाखवायची. मग विचारायची, पूर्ण नाव काय तुमचं? नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्या खोलीत मालकिणीचा कोणीतरी भाचा राहायला येणार असायचा. भाच्यांनी भरलेलं शहर. शेवटी एका ठिकाणी नागसेननं आपलं अर्धंच नाव सांगून खोली मिळवली. तिथं मायानं भिंतीवर फोटो लावला नाही. जयंतीच्या दिवशी पांढरी साडी नेसून ती बसस्टँडपर्यंत वरून शाल गुंडाळून गेली. वर्षभरानं ती लेकीला, रश्मीला, कडेवर घेऊन टेकडीवर परत आली, रुळावर एक आणि दोन ठोके मारले, आणि शकुनकाकूंनी तराफा आणला. काहून आली, असं काकूंनी विचारलं नाही.

इथं तिला आडनाव कोणी विचारत नव्हतं. एवढंच होतं. ते जाऊ द्यायचं नव्हतं.

पश्चिमेस : देवमन यांचे घर

हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि टेकडीभोवती गाळ उघडा पडतो. काळा, लोण्यासारखा. त्यात पेरायचं, त्याला गाळपेर म्हणतात. चौघांनी मिळून हरभरा पेरला आणि उरलेल्या पट्ट्यात टरबूज लावलं. ज्या गावानं त्यांना खडक दिला त्याच गावाच्या चौकावर टरबुजं लागायची. देवमन दरवर्षी तोच विनोद करायचा : पाटलाच्या वाड्यात वेल गेला पाह्य, आवाज दे त्याले.

देवमन नागसेनचा चुलतभाऊ. घर भिंतीला भिंत. त्याची बायको बाळंतपणात गेली, मुलगी परतवाड्याला दिलेली. तो जेवायला मायाकडे असायचा.

टरबुजाच्या तोडीला चांदूर रेल्वेहून अब्दुल गफ्फार टेम्पो घेऊन आले. वर्षानुवर्षं तेच माल उचलत. पांढरी दाढी, कानात अत्तराचा बोळा. फळावर बोटाची टिचकी मारून आत किती लाल आहे ते सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. माल चढला. माया शेवटची पाटी देत होती तेव्हा ते म्हणाले, की पुढच्या साली त्यांना दुसरीकडून माल पाहावा लागेल. इतक्या वर्षांचा ऋणानुबंध.

तिनं विचारलं, काहून?

"काहून म्हणजे? तुम लोक तो जा रहे ना, माया बहन. देवमनभाऊ बोलले. फ्लॅट की चाबी भी दिखाई मेरे को." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. टेम्पोचा दोर उगाच पुन्हा आवळायला लागले. "मैं समझा, तुमारा सबका मिलके हुआ."

माया परत आली. देवमन तिच्या ओट्यावर भाकरीची वाट पाहत बसला होता. तिनं त्याला जेवायला वाढलं. त्याचं जेवण होऊ दिलं. हात धुतल्यावर म्हणाली, चावी दाखव.

त्यानं नाही-होय केलं नाही. घरात गेला, पत्र्याच्या पेटीतून आणली. नवी चावी, दात अजून कोणत्या कुलपात न गेलेले. लाल प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर नीलबेटचं चित्र.

"सही केली?"

"केली," देवमन म्हणाला. "पन त्याच्यानं काय होते वयनी? तू नाही म्हनतं. तू नाही म्हनेपरेंत होनारच नाई. मी म्हनलं, चावी तं चावी. पोरीले दाखवाले झाली. तिच्या सासरचे म्हनतात, तुहा बाप पान्यात राहाते."

तो खरंच असंच समजत होता. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि म्हणून तिला त्याच्यावर रागावताही येईना.

उत्तरेस : शकुनकाकूंचे

घर. उत्तरेस शकुनकाकूंचे घर. दोन खोल्या, मागं सीताफळ. काकूंना गुडघ्यांमुळं उठवत नव्हतं. मायाच त्यांचं पाणी भरायची.

पाणी भरून झालं आणि मायानं विचारलं. काकूंनी मिठाच्या बरणीत हात घातला. बिल्ल्याला मीठ चिकटलं होतं.

"अवो, थो स्वप्निल म्हने काकू, मायावयनी नाहीच म्हनते. मंग तुमी हो म्हना का नाई म्हना, होनार तं काईच नाई. मंग घेऊन ठेवाले काय जाते? पोट्टं इतल्या लांबून येते, त्याचं बी ऑफिसात काई राहाते. मी म्हनलं घे बावा, लावतो अंगठा." काकूंनी चावी पदराला पुसली. "तू हायेस नं? तुह्या भरवशावर लावला मी."

(टण. तिकडून कोणीतरी आलं होतं. एकच ठोका. गुरुजी. माया उठली.)

तराफ्यावर दोघंच होती. गुरुजी चांदूरहून औषध घेऊन आले होते. माया तार ओढत होती. पाणी उतरल्यामुळं नाल्याच्या कडेला शाळेच्या भिंतीचा एक कोपरा वर आला होता. गुरुजी दरवर्षी येताजाता त्याच्याकडे पाहायचे. आज पाहिलं नाही. तिनं काही विचारायच्या आत ते म्हणाले, की ते बडनेरा रोडला जाऊन आले. स्वप्निलनं सांगितलेल्या जागी. तिथं नुसते खांब उभे आहेत. खांबांत शेळ्या बांधल्या आहेत.

माया तार ओढायची थांबली. तराफा मध्यावर हलत राहिला.

"तुमी काहून गेले होते पाहाले?"

गुरुजींनी औषधाच्या पिशवीतून चावी काढली. पिशवीत ती गोळ्यांच्या पाकिटांत होती, जणू दुकानदारानंच दिली होती.

मध्ये

बुद्धपौर्णिमेला सगळे विहारात बसले. नागसेन अकोल्याहून आला होता. डाळमिलमधून माणूस कितीही अंघोळ करून आला तरी कानांच्या पाळ्यांत तुरीचा पिवळा भुसा राहतो. रश्मी परीक्षेमुळं आली नव्हती. ती राजापेठेत क्लासजवळ तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. स्वप्निलला बोलावलं होतं, तो दाराशी बसला.

वंदना झाली. गुरुजींनी नावं घ्यायच्या आधी मायानं सांगितलं, चाव्या काढा. तीन चाव्या चटईवर आल्या. तिघांनी एकमेकांच्या चाव्या पाहिल्या. देवमन हसला, मग त्याला कळलं की हसायचं नाही. प्रत्येकाला वाटत होतं आपली एकच आहे.

बराच वेळ जो तो तेच सांगत होता. मला वाटलं बाकीचे करणार नाहीत. मला वाटलं माया नाही म्हणते तोवर कागदाला काय किंमत. बैठकीत नाही झालं ना, मग बाहेर केलेली सही ही सहीच नव्हे. गुरुजी तर मुलांना शिकवल्यासारखं शांतपणे म्हणाले, की त्यांनी आयुष्यभर लोकांना नियम समजावला, आणि नियम आहेच म्हणून स्वतः बेफिकीर राहिले. ऑफिसला आमचा नियम माहीतच नाही, हे आपल्या लक्षात आलं नाही.

"ऑफिसले नाई माहीत," माया म्हणाली. "स्वप्निलले माहीत होता."

स्वप्निलनं मान वर केली नाही. तो म्हणाला, त्यालाही एक चावी मिळाली आहे. त्याच इमारतीतली. पगाराच्या बदल्यात.

ते ऐकून कोणाला त्याला शिव्या देता आल्या नाहीत.

मायाला त्या क्षणी भीती वाटत नव्हती. उलट तिला बळ आल्यासारखं वाटत होतं. चौघांचं झालं तरच, असं स्वप्निलनंच सांगितलं होतं. तिघांचं झालं होतं. तिनं चाव्या गोळा केल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या.

"घेऊन जाय. मी सही केली नाई आन् करत बी नाई. माहं नाही हाय."

 बाहेर शकुनकाकूंच्या कोंबड्या टिनाखाली आल्या होत्या. गुरुजींनी चष्मा काढला. त्यांना बहुधा आधी कळलं.

"नागसेन," ते म्हणाले, "घर कोनाच्या नावानं हाय?"

नागसेन चटईचा काठ सोलत होता. त्यानं पँटच्या खिशात हात घातला आणि चौथी चावी काढली. ती त्यानं खाली ठेवली नाही, तळहातावरच धरून बसला.

"थो अकोल्याले आला होता मिलवर," तो मायाला म्हणाला, फक्त मायाला, जणू बाकीचे उठून गेले होते. "मी म्हनलं बायको नाही म्हनते. थो म्हने, मंग काय भेव हाय भाऊ, होत नाई. मले बी तेच वाटलं. तू नाही म्हनून राहिली, म्हनून मले वाटलं होत नाई. रश्मीले तिथी राहाले जागा होईन असं मनात आलं घडीभर. तेवढंच."

मायानं विचारलं, "माह्या नाहीचं काय झालं मंग?"

हे तिनं कोणाला विचारलं ते कळलं नाही.  गुरुजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

चार घरं त्या नाहीवर उभी होती. देवमनची पोरगी, काकूंचे गुडघे, गुरुजींचे नियम, नागसेनची घडीभराची आशा, सगळ्यांनी आपला भार तिच्यावर टाकला होता, आणि ते नाही कुठल्याच कागदावर कधी लागणार नव्हतं. तिलाही ते माहीत नव्हतं असं नाही. घरटॅक्सची पावती नागसेनच्या नावानं यायची, ती स्वतःच भरायला जायची.

मिळकतीत समाविष्ट

चार सह्या झाल्या होत्या, टेकडी ऑफिसची झाली, मूर्ती आणि फोटो गुरुजींनी मांडीवर घेऊन नेले, शकुनकाकूंना खाटेसकट तराफ्यावर ठेवलं आणि देवमननं तार ओढली आणि काकू पूर्ण वेळ आभाळाकडे पाहत होत्या, देवमननं दार काढून नेलं कारण सागवानी होतं, नंतर चौकट काढून नेली, कोंबड्या नव्या कवठझरीत विकल्या, सीताफळ नेता येत नाही, विहीर नव्हतीच, भिंती नेता येत नाहीत, देवमन परतवाड्याला पोरीच्या गावात खोली पाहत होता, गुरुजी बडनेऱ्याला भाड्यानं, काकू भाच्याकडे नागपूरला, फ्लॅट होईपर्यंत म्हणून, खांबांवर अजून स्लॅब नव्हता, आणि प्रत्येक जण गेला तेव्हा त्याला सोडायला माया गेली आणि तराफा परत घेऊन आली.

पूर्वेस : पाणी

माया राहिली. ती जिंकली म्हणून राहिली असं कोणाला वाटू नये.

अकोल्यात नागसेन तीन कामगारांबरोबर एका खोलीत झोपायचा. राजापेठेत रश्मीच्या खोलीत चौथ्या मुलीचीच खाट कशीबशी बसली होती. बडनेरा रोडला शेळ्या. स्वप्निल ऑफिसचा निरोप घेऊन आला : बांधकाम सुरू होईपर्यंत वयनींनी राहायला हरकत नाही. गिऱ्हाइकं जागा पाहायला येतील, त्यांना आणायला-न्यायला तराफ्यावर माणूस लागेल. किराणा तो स्वतः आणून देईल.

तो आणून देत असे. ते एका दृष्टीनं बरंच होतं, कारण माया आता बाजाराला जाऊ शकत नव्हती. तिला सोडायला जाणारं आणि तराफा परत आणणारं कोणी नव्हतं. जी टेकडी तिला सोडायची नव्हती ती आता तिला सोडता येत नव्हती. नागसेन पंधरवड्यानं यायचा, एक आणि दोन ठोके मारायचा, ती त्याला आणायची. दोघं जेवायची. तो एकदा म्हणाला, तू मले शिव्या दे पन बोल. तिनं त्याला अजून भाजी हवी का विचारलं. पुढच्या पंधरवड्याला तो आला नाही, फोन केला, की मिलमध्ये डबल पाळी आहे.

गाळपेर तिनं एकटीनं केली नाही. गाळ उघडा पडला आणि तसाच सुकून भेगाळला.

हिवाळ्यातल्या एका दुपारी रूळ वाजला. एक, थांबून दोन. ती हात पुसत उठली. नागसेन असेल असं वाटलं आणि ती जरा लवकर चालली. काठावर स्वप्निल उभा होता. त्याच्याबरोबर पांढरे बूट घातलेला एक माणूस, त्याची बायको, आणि काठी टेकत आलेली सासू. टेकडीवर दुसरं घरच नव्हतं, तेव्हा दुसरा ठोका मारून उपयोग नव्हता. एवढंच कारण. पण तिला वाटलं, तो ठोका तरी त्यानं सोडायला हवा होता.

सासू तराफ्याला घाबरली. मायानं तिचा हात धरून तिला मध्ये बसवलं, फळ्या पक्क्या आहेत म्हणून सांगितलं. माणसानं मोबाइल काढला. स्वप्निल बोलत होता : इकडे जेट्टी होईल, इथून स्पीड बोट, वर सोलर. मोकळी जागा, काही कटकट नाही. माया तार ओढत होती. हिवाळी पाणी स्वच्छ होतं. शाळेचा कोपरा वर आला होता.

बाईला ते सगळं आवडत होतं. ती खरोखर चांगल्या मनानं पाहत होती. इथं किती शांत आहे, असं ती दोनदा म्हणाली. मग तिनं गॉगल डोक्यावर सरकवला आणि मायाकडे वळून विचारलं,

"बेटावर कोणी राहतं का हो?"

स्वप्निलचं बोलणं थांबलं. तो मायाकडे पाहत होता. लहानपणी बुडता बुडता वर आला की असाच पाहायचा.

"नाही," माया म्हणाली.

गुरुजींनी विचारल्यावर म्हणायची तसंच म्हणाली. कारण दिलं नाही. बाईनं मान डोलावली आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं. माणूस म्हणाला, गुड.

त्यांनी टेकडी पाहिली. मायाच्या घरासमोर उभं राहून फोटो काढले. घराची दिशा चांगली होती, पूर्वेला सगळं पाणी. ओट्यावर तिची भाकरी झाकून ठेवली होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही किंवा त्यांनी तसं दाखवलं नाही. मग तिनं त्यांना परत सोडलं. गाडी चांदूरच्या रस्त्याला लागली. स्वप्निल मागच्या काचेतून हात करणार होता, केला नाही.

माया काठावर राहिली. बऱ्याच महिन्यांनी ती तराफ्यावरून उतरून रस्त्याकडच्या मातीवर उभी होती. चांदूरची एसटी दिसत होती, थांबा तिथंच, हात केला तर थांबली असती. ती बाभळीपाशी गेली. गज उचलला. रुळावर एक ठोका मारला, थांबली, आणि दोन मारले.

आवाज पाण्यावरून टेकडीपर्यंत गेला. तिनं तिकडे पाहिलं. शकुनकाकूंच्या ओट्याकडे, देवमनच्या बिनदाराच्या घराकडे, विहाराच्या टिनाकडे. ती वाट पाहत उभी राहिली. तराफा तिच्या पायाशीच होता.

एसटी निघून गेली.

सावल्या लांब झाल्या तेव्हा ती तराफ्यावर चढली आणि तारेला हात घातला. तो रस्त्याकडे ठेवून चालणार नव्हतं.